माळवद, बळद आणि पेव

वास्तुकलेचा इतिहास म्हटला कीं देवळें, किल्ले आणि राजवाडे यांचीच आठवण व्हावी, अशी सुशिक्षित मनाला संवय जडली आहे. लातूरच्या बाजूला जाणारा रसिक प्रवासी औसा आणि उदगीर येथील किल्ले पाहतो, खरोशाचीं लेणीं पाहतो; परंतु वाटेंत लागणाऱ्या खेड्यांकडे तो क्वचितच वळतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? मराठवाड्यांतील जुनें खेडें दुरून घरांचें असें वाटतच नसे. कोंकणांतील घराला उतरतें छप्पर असतें. येथें मात्र मातीच्या रंगाचे सपाट, चौकोनी ठोकळे एकमेकांना चिकटून बसलेले. त्यांना ना आढें, ना पाखें. पाहणाराला वाटावें कीं बांधणाराला यापेक्षां अधिक कांहीं साधतच नव्हतें.

वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. हें घर बांधतांना माणसाची सोय पाहिलेली होतीच. पण तिच्याइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, धान्याची सोय पाहिलेली होती. डोक्यावर धान्य वाळवावयाची जागा, भिंतींच्या पोटांत तें ठेवावयाची जागा आणि जमिनीखालीं तें वर्षानुवर्षें राखावयाची जागा, असें हें एक तीन थरांचें कोठारच होय. आणि त्या कोठाराच्या मधल्या थरांत माणसें राहत असत. माळवद, बळद आणि पेव हीं त्या तीन जागांचीं नांवें.

या बांधणीचें मूळ मातींत आहे. मराठी शेतकरी गांवच्या जमिनीचे दोन भाग करीत आला: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. जुन्या महसुली कागदांतहि हे शब्द याच अर्थानें येतात. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात हात खोल भेगा पडतात. पिकाला ती आई असली तरी घराला वैरीण आहे. तिच्यावर भिंत उभी केली तर भिंत फाटते, तिच्यांत खड्डा खणला तर त्यांत पाणी झिरपतें. पांढरीचा स्वभाव निराळा. ती चुनखडीच्या अंशाची, बारीक, घट्ट बसणारी; एकदां चोपून बसविली कीं पाण्याला सहजासहजीं वाट देत नाहीं. घरें पडावींत, त्यांच्याच मातीवर नवीं घरें उठावींत, असें पिढ्यान् पिढ्या चाललें, वस्तीची पांढर उंच होत गेली, आणि तीच माती पुन्हां पुन्हां भिंतीला व छपराला लागत राहिली. देशमुख-पाटलांच्या गढ्यांचे उंच बुरूजहि पुष्कळ ठिकाणीं या मातीचेच होते. गढीचें वैभव गेल्यावर तिच्या भिंती गांवकऱ्यांनीं खणून नेल्या आणि आपल्या माळवदावर पसरल्या. इतिहाससंशोधकाला याचें वाईट वाटेल. पण त्या मातीला हेंच काम ठाऊक होतें.

माळवद घालण्याची रीति अशी. दगडी तळखड्यांवर लांकडी खांब उभे करीत. ऐपत असेल तर ते सागवानी असत. खांबांवर तुळया आणि तुळयांवर आडव्या कड्या येत. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणत, आणि घराचें मोठेपण खणांवरूनच सांगत. कड्यांवर लांकडी चिपा किंवा बारीक फांद्या दाट अंथरीत, त्यांवर निंबाचा पाला पसरीत. निंबाच्या कडूपणामुळें वाळवी दूर राहते. त्यावर चिखलाचा थर देत, आणि सर्वांत वर भुसा घालून मळलेली पांढरी माती चोपून बसवीत. एका बाजूला किंचित् उतार ठेवून पावसाचें पाणी पन्हळीवाटे गल्लींत सोडीत. मध्यें कोठें तरी हातभर रुंदीचें साणें असे, म्हणजे उजेडासाठीं आणि धुरासाठीं ठेवलेलें भोंक. भिंती दगडमातीच्या, दोन हात किंवा त्याहूनहि जाड. इतक्या कीं माळवदावर जाण्याचा जिना पुष्कळदां भिंतीच्या जाडींतूनच काढलेला असे.

लातूरकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पाऊस वर्षाकांठीं सरासरी तीसेक इंच. इतक्या पावसाला मातीचें छप्पर पुरें पडतें. कोंकणच्या पावसांत तें एक आठवडाहि टिकलें नसतें. दुपारचें ऊन त्या जाड मातींतून आंत उतरेपर्यंत रात्र होते. तोंपर्यंत घर थंड असतें, आणि घर तापूं लागलें कीं घरधनी अंथरूण घेऊन माळवदावर जातो.

परंतु माळवदाचें मुख्य काम झोपण्याचें नव्हे, वाळवण्याचें. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, माघ-फाल्गुनांत निघते. खळ्यावर तिवड्याभोंवतीं बैल फिरवून मळणी होई, वाऱ्यावर उफणणी होई. पण खळ्यावरून आलेलें धान्य तसेंच सांठविलें तर तें तापतें, त्याला बुरशी येते, आणि मग टोके लागावयाला वेळ लागत नाहीं. दाण्यांतला ओलावा आधीं गेला पाहिजे. तो घालविण्याला माळवदासारखी जागा नाहीं: दिवसभर ऊन, चारी बाजूंनीं वारा, खालीं तापलेली माती, आणि शेळ्या-गुरांचा उपद्रव नाहीं. संध्याकाळीं तें एका बाजूला सारून घोंगडीखालीं झांकलें कीं झालें. शाळूच्या मागून तूर आणि हरभरा, मग मिरच्या, आणि शेवटीं कुरडया, पापड व सांडगे. तुरीला तेलपाण्याचा हात द्यावयाचा, ती उन्हांत टाकावयाची, पालटावयाची, पुन्हां टाकावयाची, आणि मग जात्यावर भरडावयाची, हें सारें काम बायकांचें. शेतांतील खळें पुरुषांच्या हुकमतींत असे, तसें माळवद हें बायकांचें खळें होतें. तेथें कोणाचा किती माल पडला आहे, कोणाची तूर किडकी निघाली, कोणाच्या मिरच्या यंदा कमी आल्या, हें शेजारणीला न सांगतां कळे. कारण माळवदाला माळवद लागलेलें असे आणि गल्लींत न उतरतां एका घरून दुसऱ्या घरीं जातां येई. वाळलेलें धान्य खालीं न्यावयाला प्रत्येक वेळीं जिनाच हवा असेंहि नव्हतें. साण्याच्या खालीं पोतें धरलें, किंवा तेथें बळदाचेंच तोंड असलें, कीं वरून सूपसूप ओतावयाचें.

पीक वाळविण्याचा प्रश्न सगळ्याच देशांना पडतो, आणि जो तो देश तो आपल्या हवेप्रमाणें सोडवितो. इंग्लंडांतील केंट परगण्यांत बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप नांवाच्या वेलीची लागवड होते. तिचीं फुलें सप्टेंबरच्या सुमारास तोडतात, आणि त्या दिवसांत तिकडे उन्हाचा भरंवसा नसतो. म्हणून तेथील शेतकऱ्यानें फुलें वाळविण्यासाठीं निराळी इमारतच उभारली. तिला ओस्ट म्हणतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिचीं वर्णनें मिळतात. खालीं कोळशाची भट्टी. वर फटी ठेवलेला लांकडी मजला, त्यावर घोड्याच्या केंसांचें कापड आणि कापडावर फुलें. त्यांच्यावर निमुळतें उंच छप्पर, आणि टोंकाला वाऱ्याबरोबर फिरणारी लांकडी टोपी, म्हणजे वाफ बाहेर पडावी पण पाऊस आंत येऊं नये. एकोणिसाव्या शतकांत या भट्ट्या वाटोळ्या बांधूं लागले, कारण वाटोळ्या भट्टींत उष्णता सारखी पसरते अशी समजूत होती. पुढें ती समजूत मावळली आणि पुन्हां चौकोनी भट्ट्या आल्या. वाळवणीचें काम यंत्रांकडे गेल्यावर कित्येक ओस्टांचीं राहतीं घरें झालीं, आणि त्यांतलीं बरींच आज जुनी वास्तु म्हणून कायद्यानें जपलीं जातात. केंटांत कोठाराचें घर झालें; मराठवाड्यांत घर हेंच कोठार होतें. म्हणूनच कदाचित् येथील वास्तूकडे वास्तु म्हणून कोणी पाहिलें नाहीं.

वाळलेल्या धान्याची वर्षाची बेगमी बळदांत जाई. बळद म्हणजे दोन भिंतींच्या मध्यें किंवा खोलीच्या कोपऱ्यांत बांधून काढलेली अंधारी, अरुंद, उभी जागा. तिला दार नसे. धान्य वरून पडे, आणि तळाशीं ठेवलेल्या लहान भोंकाचा बोळा काढला कीं लागेल तेवढें बाहेर येई. आधीं आलेलें धान्य आधीं निघे, ही या रचनेंतील खुबी आहे. ज्याला बळद बांधण्याची ऐपत नव्हती त्याच्या घरीं कणगी असे, तुरकाट्यांची किंवा बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीनें आंतबाहेर लिंपलेली. दोन्हींचें तत्त्व एकच: दाण्याला बाहेरची दमट हवा लागूं नये.

पेव हें याच तत्त्वाचें टोंक. पेव खणावयाचें तें पांढरींत किंवा मुरमांत, काळींत कधींहि नाहीं. त्याचें तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें आणि पोट प्रशस्त. एकंदर आकार घड्यासारखा. खणून झालें कीं आंत काडीकचरा पेटवून भिंती भाजून काढीत, नंतर त्या लिंपून वाळूं देत. बुडाशीं आणि कडेनें कडब्याचा किंवा भुशाचा जाड थर देऊन मग ज्वारी भरीत; मोठ्या पेवांत कित्येक खंडी धान्य मावे. वरून पुन्हां भुसा, त्यावर फरशी, आणि फरशीवर मातीचा ढीग. नीट भरलेल्या पेवांतील ज्वारी कित्येक वर्षें टिके. कडेच्या दाण्याला कुबट वास लागे, रंग बदले; मधला दाणा मात्र खाण्याजोगा राही.

असें कां होतें, याचा उलगडा रसायनशास्त्रानें पुढें केला. धान्य हें मेलेलें नसतें. तें मंदपणें श्वास घेत असतें. बंद पेवांतील प्राणवायु दाणे आणि त्यांच्यांतील किडे मिळून संपवितात आणि कर्बाम्लवायु सांठतो. मग किडे गुदमरून मरतात. औषध न घालतां धान्य राखण्याची ही युक्ति होय. परंतु जो वायु किड्याला मारतो तो माणसालाहि सोडीत नाहीं. पेव उघडल्यावर लगेच आंत उतरलेलीं माणसें तळाशींच गतप्राण झाल्याच्या हकीकती जुन्या गांवांतून सर्वत्र ऐकावयास मिळतात. म्हणून जाणता मनुष्य पेवाचें तोंड बराच वेळ उघडें ठेवी, आधीं कंदील सोडून पाही, आणि ज्योत विझली नाहीं तरच पाय घाली.

धान्य जमिनींत ठेवण्याची ही विद्या फार प्राचीन आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून पुढें कित्येक वर्षें उत्खनन केलें. तेथें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं मातीचीं घरें सांपडलीं, आणि त्या घरांलगत धान्य सांठविण्याचे गोल खड्डेहि सांपडले. कृष्णेच्या कांठीं सांगलीजवळ हरिपूर येथें अशाच पेवांत हळद सांठवीत; २००५ च्या महापुरांत त्यांतील पुष्कळ पेवें पाण्याखालीं जाऊन निकामी झालीं. भाषेनेंहि या वस्तूची आठवण धरून ठेवली आहे. मुंग्यांचें पेव फुटलें, असें शहरांत जन्मलेला मुलगाहि म्हणतो. पण पेव पाहिलेलें नसतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, हें दुष्काळाचा इतिहास पाहिला म्हणजे समजतें. १८७६ ते १८७८ या सालांत आणि पुन्हां १८९९-१९०० सालीं दख्खनवर जे दुष्काळ पडले, त्यांत ज्याच्या घरीं मागल्या सालचें धान्य होतें तो तगला. शिवाय जमिनीखालचें धान्य लुटारूच्या डोळ्यांना दिसत नाहीं आणि घराला आग लागली तरी जळत नाहीं. मात्र पेवाचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरूं नये. मोठें पेव हें मोठ्या खातेदाराचें किंवा सावकाराचेंच असे. टंचाईच्या सालीं तें फुटे तें गरिबाला दान देण्यासाठीं क्वचितच. धान्य सवाईनें किंवा दिढीनें दिलें जाई, म्हणजे एक मण नेणारानें पुढल्या सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करावयाचें. गांव जगे हें खरें, पण त्यांतले कांहीं ऋणको होऊन जगत.

या व्यवस्थेला पहिला धक्का आगगाडीनें दिला. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ सालीं लातूरला पोहोंचली. तेव्हां लातूर निजामाच्या राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. लातूर जिल्हा निराळा झाला तो १९८२ सालीं. आगगाडीच्या मागोमाग १९१७ सालीं लातूरच्या मध्यभागीं गंजगोलाई उभी राहिली. फैयाजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें ती आंखली: मध्यें जगदंबेचें मंदिर, भोंवतीं दुमजली वर्तुळाकार इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. पेव आणि गंजगोलाई या दोन वर्तुळांत फार अर्थ भरला आहे. एकाचें तोंड धान्य बाहेर जाऊं नये म्हणून अरुंद केलेलें. दुसऱ्याला सोळा तोंडें, कारण तेथें धान्य थांबण्यासाठीं येतच नाहीं. जवळच बाजारपेठ आणि आगगाडी असतां चार वर्षांची ज्वारी जमिनींत पुरून ठेवण्याची गरज हळूहळू कमी झाली. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्र तगला तो रोजगाराच्या कामांवर आणि परदेशांतून आलेल्या मिलो नांवाच्या तांबड्या ज्वारीवर. गांवचीं पेवें तोंवर बहुतेक बुजलीं होतीं. नंतर पत्र्याच्या कोठ्या आल्या. अलीकडे या जिल्ह्यांत सोयाबीनचें पीक मुख्य झालें आहे, आणि तें खळ्यावरून बहुधा थेट बाजारांत जातें.

पेव गेलें, बळद ओस पडलें, तरी माळवद राहिलें. मात्र त्याच्या देखभालींत एक घातक फरक पडत गेला. दरवर्षीं मृगापूर्वीं माळवदावर नवी पांढरी माती पसरण्याची रीति होती. गळतें तेथें माती घालणें सोपें, आणि जुना थर खरवडून काढणें कष्टाचें; म्हणून थरावर थर चढत गेले. कित्येक माळवदांवर ही माती दोन फुटांहून जाड झाली. दुसरीकडे सागवान महाग झालें, तेव्हां खांब गाळून तुळया सरळ भिंतींवर टेकविल्या जाऊं लागल्या. भिंतींतहि जुनी काळजी राहिली नाहीं. आंतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर रचावयाचे आणि मधली पोकळी चिखल व गोट्यांनीं भरावयाची; दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा आरपार दगड मात्र वगळावयाचा. अशी भिंत जाड दिसते, पण ती एक भिंत नसून शेजारीं उभ्या असलेल्या दोन भिंती असतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. भूकंपाच्या नकाशांत हा प्रदेश तोंवर सर्वांत निर्धोक पट्ट्यांत दाखविलेला होता, जरी १९९२ पासून तेथें लहान धक्के जाणवूं लागले होते. या धक्क्याची तीव्रता ६.२ होती. जगांत याहून पुष्कळ मोठे भूकंप होतात आणि त्यांत इतकीं माणसें दगावत नाहींत. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालें होतें, आणि पावसाळ्याचे दिवस असल्यानें लोक माळवदावर नव्हे, माळवदाखालीं झोंपले होते. भिंतींचे दोन पदर दोन दिशांना सुटले आणि वरची माती खालीं आली. शासकीय गणनेप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुष्कळांना दगडानें नव्हे तर मातीनें मारलें. तींत श्वास घेण्यापुरतीहि पोकळी उरली नाहीं.

त्या पडझडींत स्थापत्यज्ञांना एक गोष्ट आढळली, आणि तिच्याकडे जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलें नाहीं. जेथें लांकडी खांबांची आणि तुळयांची चौकट पुरी होती, तेथें कित्येक घरांच्या भिंती ढांसळूनहि माळवद खांबांवर तसेंच उभें राहिलें. म्हणजे मूळ कारागिरानें छप्पर भिंतीवर न ठेवतां खांबांवर ठेवलें होतें, त्यांत शहाणपण होतें. दोष पुढच्या काळांत वाढलेल्या ओझ्याचा आणि गाळलेल्या खांबांचा होता. तज्ज्ञांनीं उभ्या राहिलेल्या घरांसाठीं सुचविलेले उपायहि बहुतांशीं हेच होते: माळवदावरची जास्तीची माती उतरावी, भिंतींत आरपार दगड बसवावेत, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत. पण ज्याच्या घरचीं माणसें त्या मातीखालून काढावीं लागलीं, त्याला हा हिशेब सांगणार कोण? माती आणि मृत्यु हे दोन शब्द त्या भागांत एक झाले होते. ज्यांचीं घरें उभीं होतीं त्यांनींहि पुढें कित्येक महिने घराबाहेर, पत्र्याखालीं झोंपणें पसंत केलें.

लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांतील ५२ गांवें जागतिक बँकेच्या साह्यानें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जमिनीच्या धारणेप्रमाणें २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांचीं घरें देण्यांत आलीं, सरळ रस्त्यांवर, एकमेकांपासून अंतर राखून. भूकंपापासून तीं सुरक्षित आहेत, आणि यांत सर्व कांहीं आलें असें म्हणणाराशीं वाद घालतां येत नाहीं. पण त्या आंखणींत घर म्हणजे माणसांचा निवारा एवढाच हिशेब होता. धान्याची, कडब्याची आणि बैलांची जागा नव्यानें शोधावी लागली, आणि घराघराशेजारीं पत्र्याचे आडोसे उभे राहिले.

मागचा हंगाम संपत आला कीं त्या सिमेंटच्या गच्च्यांवरहि तूर पडते, मिरच्यांचे तांबडे पट्टे दिसूं लागतात, आणि बायका ऊन उतरण्याच्या आंत कुरडया घालण्यासाठीं वर जातात. सिमेंटच्या गच्चीला साणें नसतें. वाळलेलें धान्य पोत्यांत भरून जिन्यानें, आणि जिना नसेल तेथें शिडीनें, खालीं उतरवावें लागतें.